कारखान्याची किंमत कशाने ठरते आणि तिच्यावर नजर कशी ठेवावी

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत वडील आणि काका यांच्या भागीदारीत टेरी टॉवेलचा कारखाना आहे, भूखंड वडिलांच्या नावावर आहे, वार्षिक उलाढाल बारा कोटींच्या आसपास आहे आणि काका दोन-तीन वर्षांत धंद्यातून बाजूला होणार आहेत. सीए दरवर्षी ताळेबंद करून देतात. पण कारखान्याची बाजारात किंमत किती, ती कशाने वाढते आणि कशाने घटते, हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

गेली सव्वीस वर्षे मी सोलापुरातल्या कारखानदारांचे हिशेब आणि मूल्यांकन यांचे काम करतो आहे. हा प्रश्न आपण वाटणीच्या दोन-तीन वर्षे आधी विचारलात याचे मला मनापासून समाधान वाटते, कारण बहुतेक घरांत तो बैठकीत, आवाज चढल्यावर विचारला जातो आणि तेव्हा किंमत वाढवायला हातात वेळ उरलेला नसतो.

चालत्या धंद्याची किंमत तीन गोष्टींवर उभी असते. मालक बदलला तरी धंद्यातून दरवर्षी किती पैसा निघेल, ही पहिली. तो पुढेही निघत राहील याची घेणाऱ्याला किती खात्री वाटते, ही दुसरी. आणि त्या पैशावर आधीपासून बँकेचे व इतरांचे किती देणे आहे, ही तिसरी. यंत्रे, नाव, ग्राहक, कामगार, परवाने यांपैकी जे काही आपण मोजाल ते या तिघांपैकी एखाद्या वाटेनेच किमतीत उतरते. जे उतरत नाही, ते कितीही अभिमानाचे असले तरी त्याचे पैसे कोणी देत नाही.

आपल्याकडची रीत मात्र निराळी आहे. इतके लूम, लूममागे इतके रुपये, जागेला चौरस मीटरमागे इतका भाव आणि गोदामातला माल इतक्याचा, अशी बेरीज करून कारखान्याची किंमत सांगितली जाते. कारखाना आज बंद केला तर हातात काय उरेल, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. तो चालू ठेवण्यात काय मोल आहे, हे त्यातून कळत नाही. जुनी गिरण, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा हजारो घरे पोसणाऱ्या गिरण्या या शहराने बंद पडलेल्या पाहिल्या आहेत, आणि धंदा संपल्यावरही जमिनीला मोल राहते हेही पाहिले आहे. जागेची किंमत आणि धंद्याची किंमत या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे सोलापूरकराला खरे तर दुसऱ्या कोणी शिकवायला नको, तरीही वाटणीच्या वेळी आपण त्यांची सरमिसळ करतो.

म्हणून पहिले काम हे करावे की, वडिलांच्या भूखंडाचे आणि शेडचे चालू बाजारभावाने जे भाडे आले असते ते धंद्याच्या खर्चात धरावे, मग प्रत्यक्षात ते दिले जात असो वा नसो. भाडे धरल्यावर नफा उरला तर तो धंद्याचा आहे. न उरल्यास आपण इतकी वर्षे जागेचे भाडेच नफा म्हणून घरी नेत होतो, असा त्याचा अर्थ होतो. हे कळणे क्लेशदायक असते, पण ते लवकर कळलेले बरे. भूखंडाची किंमत स्वतंत्रपणे काढताना एमआयडीसीची जमीन ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याची असते, तिच्या हस्तांतरणाला महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागते, आणि पट्ट्याची किती वर्षे शिल्लक आहेत याने भाव बदलतो, एवढे ध्यानात ठेवावे.

आता खरा नफा कसा काढायचा ते आकड्यांनी दाखवतो. हे आकडे हिशेब समजावा म्हणून मी धरलेले आहेत, आपल्या पत्रकातले नाहीत. समजा, बारा कोटींच्या उलाढालीवर करापूर्वीचा पुस्तकी नफा ५२ लाख आहे, बँकेचे व्याज २८ लाख आणि घसारा ३० लाख आहे. या तिन्हींची बेरीज १ कोटी १० लाख होते आणि बँकेत हिलाच एबिटडा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा होण्यापूर्वीचा नफा, म्हणतात. यातून आता दुरुस्त्या करायच्या. दोघे भाऊ पूर्ण वेळ काम करून मिळून १२ लाख मोबदला घेतात, पण त्यांच्या जागी बाहेरचा व्यवस्थापक आणि विक्री पाहणारा माणूस ठेवायचा तर २४ लाख लागतील, म्हणून १२ लाख वजा. जागेचे न दिलेले भाडे १५ लाख, तेही वजा. घरची गाडी, घरचे फोन आणि कामावर न येणाऱ्या नातेवाइकांचे पगार असे ९ लाख धंद्यात टाकलेले आहेत, ते परत जमा. जुने लूम भंगारात विकून झालेला ८ लाखांचा फायदा पुन्हा होणार नाही, म्हणून वजा. सुताचा भाव चढण्यापूर्वी घेतलेल्या साठ्यावर मिळालेले १० लाख ही त्या वर्षाची कृपा होती, म्हणून वजा. शेवटी ७४ लाख उरतात. पत्रकांवरून निघालेला १ कोटी १० लाखांचा आकडा धरून काकांनी हिस्सा मागितला आणि आपण ७४ लाखांवर अडून बसलात, तर दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असूनही भांडण होईल. म्हणून ही दुरुस्त्यांची यादी मी नेहमी दोन्ही बाजूंना एकत्र बसवून करतो.

सुताचा विषय टॉवेलच्या धंद्यात इतका मोठा आहे की त्यावर थोडे थांबावे लागेल. उलाढाल वाढली म्हणजे किंमत वाढली, ही समजूत सर्वांत जास्त फसवते ती इथेच. समजा, सूत किलोमागे २१० रुपयांवरून २६० वर गेले आणि टॉवेलचा किलोमागचा विक्रीभाव ३३० वरून ३७५ झाला, तर तितक्याच किलोंवर उलाढाल साडेतेरा टक्क्यांहून अधिक वाढलेली दिसते. पण सुताचा भाव वजा जाता किलोमागे उरणारी रक्कम १२० वरून ११५ वर उतरलेली असते, आणि मजुरी, वीज, रंगाई, पॅकिंग, व्याज आणि नफा हे सारे तिच्यातूनच भागवायचे असते. या रकमेची नोंद मी दर महिन्याला, वाया जाणारे सूत धरून, करायला लावतो. तिच्या शेजारी दर लूममागे दर पाळीला किती किलो माल उतरला, हा दुसरा आकडा लिहावा. हे दोन आकडे सलग चोवीस महिने ज्याच्याकडे लिहिलेले आहेत, त्याच्या कारखान्यात नेमके काय चालले आहे हे मला अर्ध्या तासात कळते. नुसता ताळेबंद पाहून ते अर्ध्या दिवसातही कळत नाही.

दुसरी गोष्ट खात्रीची. घेणारा वार्षिक खऱ्या नफ्याच्या काही पट रक्कम देतो आणि तो पट त्याला वाटणाऱ्या धोक्यावर ठरतो. धोका जितका जास्त, तितका पट कमी. शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या टॉवेल कंपन्यांचा पट पाहून तोच आपल्याला लावण्याचा मोह टाळावा, कारण त्यांचा शेअर उद्या सकाळी विकता येतो आणि आपला हिस्सा विकायला वर्ष लागते. बीएसई आणि एनएसई या दोघांनी २०१२ पासून लघु व मध्यम कंपन्यांसाठी वेगळे मंच चालवले आहेत, पण तिथल्या भावांमागे सार्वजनिक हिशेब आणि कंपनीची रचना असते, भागीदारी पेढी नसते. मी वरील उदाहरणात ४ पट धरतो, तो केवळ हिशेबासाठी. तो बाजाराचा दर समजू नये.

पट कमी करणारे सर्वांत मोठे कारण आपल्याकडे मालक स्वतः असतो, हे मी जबाबदारीने लिहितो. सुताची खरेदी कोणत्या दिवशी करायची हे वडिलांना ठाऊक, मुंबईच्या व्यापाऱ्याशी बोलणे काकांचे, रंगाचा शेड मंजूर करणारी नजर वडिलांची, आणि लूमवरचा जॉबर, म्हणजे मुकादम, रुसला तर त्याची समजूत काढणारेही तेच. असा कारखाना घेणारा यंत्रे विकत घेतो, पण ज्या माणसांमुळे ती चालतात ती माणसे त्याला मिळत नाहीत. काही वर्षांपूर्वी शालेय गणवेश शिवणाऱ्या एका चांगल्या कारखान्याची बोलणी मी पाहिली. घेणारा परगावचा होता, काम पाहून खूश झाला होता, आणि त्याने साधा प्रश्न विचारला की, एका शर्टाला कापड, शिलाई आणि बटणांसह किती खर्च येतो हे कुठे लिहिलेले आहे? ते कुठेच लिहिलेले नव्हते; मालकाच्या डोक्यात मात्र ते पैशापर्यंत बरोबर होते. पुढच्या भेटीत त्याने देऊ केलेली रक्कम बरीच खाली आली होती, आणि ती का आली हे त्या मालकांना समजावताना मला फार जड गेले, कारण त्यांनी तीस वर्षे कष्टाने कमावलेले ज्ञानच त्यांच्या विरोधात गेले होते.

यावर नजर ठेवायची तर दर तिमाहीला तीन गोष्टी मोजाव्यात. वडील आणि काका दोघांनाही न विचारता किती टक्के ऑर्डरींना भाव दिला गेला, किती टक्के सूतखरेदी लिहून ठेवलेल्या नियमानुसार झाली, आणि दोघेही एकाच वेळी दहा दिवस बाहेरगावी गेले असता कोणती कामे अडली. तिसरी गोष्ट प्रत्यक्ष करून पाहावी. अडलेल्या कामांची यादी हाच पुढील सहा महिन्यांचा कार्यक्रम ठरतो. काका बाजूला होणारच आहेत, म्हणून त्यांच्याकडचे ग्राहक त्यांच्या उपस्थितीत, आपली ओळख करून देत, एकेक करून आपल्याकडे येणे हे या दोन वर्षांतले सर्वांत मोलाचे काम आहे आणि त्याचा लाभ काकांनाही हिश्शाच्या रकमेत मिळणार आहे.

ग्राहकांची विभागणी हा दुसरा मोठा घटक. सर्वांत मोठ्या ग्राहकाचा आणि पहिल्या पाच ग्राहकांचा विक्रीतला वाटा दर तिमाहीला लिहावा. एकाच व्यापाऱ्याकडे निम्म्याहून अधिक माल जात असेल तर आपण स्वतंत्र कारखानदार आहोत की त्याचे काम करून देणारे, असा प्रश्न घेणारा मनात विचारतोच. निर्यातीच्या ऑर्डरी आकर्षक असतात, परंतु त्या एकाच निर्यातदारामार्फत येत असतील तर परदेशातले दहा ग्राहकही माझ्या हिशेबी एकच ग्राहक असतात.

नावाबद्दल थोडक्यात. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे याचा आपल्या सर्वांना अभिमान आहे, पण ते मानांकन या प्रदेशाचे आहे. ते वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी. त्याने बाजारात उभे राहण्यास मदत होते. मात्र आपल्या पेढीची म्हणून जी मालमत्ता विकता येते ती म्हणजे आपल्या नावाने नोंदलेले व्यापारचिन्ह. अनेक घरांत लेबलावरचे नाव आजोबांच्या काळापासून चालते आणि त्याची नोंद कुठेच नसते. हे काम याच महिन्यात सुरू करावे. जीएसटीची विवरणपत्रे, बँकेतील जमा आणि वहीतील विक्री यांचा मेळ, रंगाईचे काम आवारात होत असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, कामगारांचा भविष्य निर्वाह निधी आणि राज्य विमा (ईएसआय) या बाबींनी किंमत वाढत नाही. पण त्यांत खोट निघाली तर झालेला सौदाही मोडतो.

आता देण्याकडे येतो, आणि देण्यामागे उभ्या असलेल्या उधारीकडे. वरील उदाहरणात खरा नफा ७४ लाख, पट ४, म्हणून धंद्याची किंमत २ कोटी ९६ लाख झाली. त्यात बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीची उचल, २ कोटी १० लाख आणि मुदत कर्ज ६० लाख आहे असे धरले, तर मालकांच्या वाट्याला २६ लाख उरतात. बारा कोटींची उलाढाल करणाऱ्या माणसाला हा आकडा ऐकवत नाही, मला कल्पना आहे. परंतु याच हिशेबात आशेची जागाही आहे. जीएसटी बाजूला ठेवला तर बारा कोटींच्या विक्रीत एका दिवसाची विक्री सुमारे ३ लाख २९ हजार होते. वसुली सरासरी ९५ दिवसांनी होत असेल आणि ती ८० दिवसांवर आणली, तर सुमारे ५० लाख मोकळे होतात आणि कॅश क्रेडिट तेवढी खाली येते. नवा लूम नाही, नवा ग्राहक नाही, तरीही मालकांचा वाटा २६ लाखांवरून ७६ लाखांवर जातो. शिवाय व्याज वाचते ते वेगळे. अट एवढीच की ही सुधारणा टिकाऊ असावी, कारण जाणता खरेदीदार धंद्याला नेहमी लागणाऱ्या खेळत्या भांडवलाची बारा महिन्यांची सरासरी पाहतो आणि केवळ सौद्याच्या दिवसापुरती ओढून आणलेली वसुली हिशेबात घेत नाही.

कायदाही या बाबतीत आपल्या बाजूचा आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज देय होते. प्राप्तिकरात १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या तरतुदीने या मुदतीत न दिलेली रक्कम माल घेणाऱ्याला प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच खर्च म्हणून दाखवता येते. यासाठी लघुउद्योग म्हणून सरकारकडची ‘उद्यम’ नोंदणी असावी आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापलेला असावा. जुन्या ग्राहकाला कोणी नोटीस पाठवत नाही, आणि पाठवावी असे माझेही म्हणणे नाही. परंतु मुदत लेखी ठरवून घेतली की बोलण्याला आधार येतो. मोठ्या कंपन्यांना माल देत असाल तर ट्रेड्स या ऑनलाइन मंचावर बिल वटवून मुदतीआधी पैसे घेण्याची सोयही पाहावी.

हे मोजताना एक काळजी घ्यावी. ३१ मार्चचा ताळेबंद हा वर्षातल्या एका दिवसाचा फोटो असतो. चादरीचा माल थंडीच्या आधी साठतो, गणवेशाचा मे-जूनच्या आधी, आणि टॉवेलचा लग्नसराई व निर्यातीच्या वेळापत्रकाप्रमाणे. म्हणून उधारी आणि साठा यांचे दिवस दर महिनाअखेरीस मोजून त्यांची बारा महिन्यांची सरासरी धरावी. ९० दिवसांपलीकडची उधारी आणि सहा महिन्यांहून जुना माल वेगळ्या रकान्यात लिहावा, कारण घेणारा त्या दोन्हींचे पूर्ण पैसे कधीच मोजत नाही.

एवढे सगळे एका मोठ्या कागदावर मावते आणि मावायलाच हवे. मासिक भागात किलोमागे उरणारी रक्कम, लूममागचे उत्पादन, उधारीचे व साठ्याचे दिवस. तिमाही भागात मागील बारा महिन्यांचा खरा नफा, मोठ्या ग्राहकांचा वाटा आणि मालकांवाचून झालेल्या कामाचा वाटा. आणि वर्षातून एकदा, त्याच पद्धतीने, काढलेली किंमत. वार्षिक किंमत काढल्यावर ती नुसती मागील वर्षीच्या शेजारी लिहून थांबू नये; फरकाची फोड करावी. समजा, पुढच्या वर्षी खरा नफा ८२ लाख झाला, ग्राहक विभागले गेले म्हणून पट ४ वरून सव्वाचार धरला, आणि वसुली सुधारल्याने कर्ज २ कोटी २० लाखांवर आले. मालकांचा वाटा २६ लाखांवरून १ कोटी २८ लाख ५० हजारांवर जातो. या १ कोटी २ लाख ५० हजारांच्या वाढीत नफ्यामुळे आलेले ३२ लाख, पटामुळे आलेले साडेवीस लाख आणि कर्ज घटल्यामुळे आलेले ५० लाख आहेत. जवळपास निम्मी वाढ वसुलीतून आली हे एकदा डोळ्यांनी दिसले की पुढच्या वर्षी नवे लूम घ्यायचे की वसुलीसाठी एक चांगला माणूस ठेवायचा, या घरातल्या वादाला आधार मिळतो. पट वाढवून धरताना मात्र कारण लिहावे आणि ते कारण आकड्यात दाखवता आले पाहिजे; नाहीतर दरवर्षी पट थोडाथोडा वाढवत नेण्याची सवय लागते, आणि मी ती सुशिक्षित कुटुंबांतही पाहिली आहे.

काकांच्या हिश्शाबाबत माझा सल्ला असा आहे. रक्कम ठरवण्याच्या आधी पद्धत ठरवावी आणि तिच्यावर सर्व भागीदारांनी सह्या कराव्यात. कोणत्या तारखेचा हिशेब धरायचा, दुरुस्त्यांची यादी कोणती, पट कोण सुचवणार, जागा वेगळी धरायची का, आणि पैसे किती हप्त्यांत व कोणत्या व्याजाने द्यायचे, हे सारे त्या कागदात यावे. भागीदारी पेढीला नोंदणीकृत मूल्यांककच हवा असे बंधन नाही, पण दोन्ही बाजूंनी मिळून नेमलेला एकच तटस्थ जाणकार असावा, प्रत्येकाचा वेगळा नसावा. हप्त्यांची एकूण रक्कम ७४ लाखांसारख्या खऱ्या नफ्यातून व्याज, कर आणि यंत्रांची देखभाल भागवून देता येईल इतकीच असावी, अन्यथा काकांना दिलेल्या शब्दापायी कॅश क्रेडिट पुन्हा वर चढते. आपल्या गेल्या तीन वर्षांची पत्रके, महिनावार उधारीची यादी, सुताची खरेदी-बिले आणि भागीदारीचा करारनामा एवढे एकत्र करून ठेवावे आणि पहिली दुरुस्त्यांची यादी वडील व काका यांना एकाच टेबलाशी बसवून, या दिवाळीच्या हिशेबापूर्वी तयार करावी.